ग्रेड १२ ला केमिस्ट्री सोडली तर काय काय हातचं जाईल?

पावसाळी_ढग
नमस्कार मंडळी, मुलगी ग्रेड ११ ला आहे (ऑन्टॅरिओ, कॅनडा) आणि पुढच्या वर्षीचे कोर्स निवडायचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. कॉम्प्युटर करायचंय एवढं नक्की, पण वॉटर्लू युनिव्हर्सिटीचं कॉम्प सायन्स, तिथलंच सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, टोरांटो युनिव्हर्सिटीचं कॉम्प सायन्स आणि तिथलं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग असा चौघांचा घोळ झालाय. तिला केमिस्ट्री नकोय, ७८ च्या पुढे गाडी सरकत नाही, आणि तिचं म्हणणं की अ‍ॅडमिशनला बेस्ट सहा विषयांचेच मार्क मोजतात ना, मग ही कशाला गळ्यात घालून घ्यायची. मी दोन रात्री बसून एक्सेल शीट केली पण अ‍ॅडमिशनला किती अ‍ॅव्हरेज लागतं तिथे सगळीकडे नुसतं ‘लो ९०ज’ (नव्वदच्या जरा वर) आणि ‘मिड ९०ज’ (पंचाण्णवच्या आसपास), त्यावरून तुलना करायची तरी कशी? कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा प्लीज.

पारावरचा_बाप
ताई, आधी त्या शीटमधला अ‍ॅव्हरेजचा कॉलम लपवून ठेवा. ‘बेस्ट सहा’ हा शब्दच फसवा आहे, आम्हीही त्यातच फसलो होतो. सहा मोजतात हे खरं, पण त्या सहांत त्या प्रोग्रामचे कंपल्सरी विषय आधी बसतात आणि उरलेल्या जागांवरच तुमचे बेस्ट. इंजिनिअरिंगला पाच जागा आधीच भरलेल्या असतात, इंग्लिश, ॲडव्हान्स्ड फंक्शन्स, कॅल्क्युलस अँड व्हेक्टर्स, फिजिक्स आणि केमिस्ट्री, म्हणजे तुमच्या हातात एकच जागा. वॉटर्लूच्या कॉम्प सायन्सला मात्र इंग्लिश आणि ती दोन गणितं ठरलेली, बाकी फोर-यूमधलं (म्हणजे ग्रेड १२ चे युनिव्हर्सिटी लेव्हलचे कोर्स) जे चांगलं असेल ते.

आता हिशोब करून बघा. समजा इंग्लिश ८४, फंक्शन्स ९५, कॅल्क्युलस ९३, फिजिक्स ९०, केमिस्ट्री ७८, कॉम्प्युटर ९८, डेटा मॅनेजमेंट ९६. इंजिनिअरिंगसाठी केमिस्ट्री धरून बेरीज ५३८, म्हणजे ८९.७. कॉम्प सायन्सला केमिस्ट्रीच्या जागी डेटा मॅनेजमेंट येतं, बेरीज ५५६, म्हणजे ९२.७. पोरगी तीच, मार्कलिस्ट तीच, आणि तीन टक्क्यांचा फरक. म्हणून दोन प्रोग्रामचे ‘मिड ९०ज’ शेजारी ठेवून काही कळत नाही.

आणि केमिस्ट्री सोडली तर तुमच्या चारांतली इंजिनिअरिंगची दोन्ही नावं सरळ कटतात. सॉफ्टवेअरवाल्याला केमिस्ट्री काय करायचीय हा प्रश्न मलाही पडला होता, पण तो त्यांना विचारून उपयोग नाही.

आमच्या वेळी शाळेतल्या काउन्सेलर बाई म्हणाल्या होत्या की फिजिक्स असलं की पुरे. जानेवारीत फॉर्म भरताना कळलं, मग दुसऱ्या सेमिस्टरला केमिस्ट्री घुसवण्यासाठी जी पळापळ झाली ती आठवली तरी घाम फुटतो. कोणाच्याही तोंडी सांगण्यावर जाऊ नका, त्या त्या प्रोग्रामचं पान उघडून स्वतः वाचा.

कंपाइल_होईना
काकू मी वॉटर्लूला कॉम्प सायन्सला आहे, सेकंड इयर. काकांचं बरोबर आहे, फक्त मार्कांवर नाही चालत हे पण शीटमध्ये टाका. वॉटर्लूला एआयएफ नावाचा फॉर्म असतो, त्यात काय केलं, का केलं, हाच प्रोग्राम का असं सगळं लिहायचं असतं, मी तो आदल्या रात्री दोन वाजता लिहिला, प्लीज तिला तसं करू देऊ नका. मॅथ फॅकल्टीत येतं कॉम्प सायन्स, त्यामुळे युक्लिड कॉन्टेस्ट (गणिताची स्पर्धा परीक्षा) द्यायला सांगा, ती एप्रिलमध्ये असते, जुने पेपर फुकट मिळतात, आत्तापासून आठवड्याला एक सोडवला तरी खूप. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला आधी नीट प्रोग्रामिंग केलेलं असावं अशी अट आहे, तेही बघून ठेवा. टोरांटोच्या इंजिनिअरिंगला वेगळा प्रोफाइल असतो, त्यात व्हिडिओवर वेळ लावून उत्तरं द्यावी लागतात. आणि टोरांटोचं कॉम्प सायन्स हवं असेल तर पहिल्यापासून त्याच कॅटेगरीत अर्ज करा, ‘आधी दुसऱ्या कशात तरी घुसू, मग बदलू’ हे तिथे फार अवघड आहे, माझा एक मित्र अजून पस्तावतोय.

उगाच_एक_शंका
एवढं टेन्शन कशाला, आत्ता सोडा, लागलीच तर समर स्कूलला केमिस्ट्री करा की.

पारावरचा_बाप
करता येते, पण कंपल्सरी विषय शाळेच्या नेहमीच्या वर्गाबाहेर केला किंवा रिपीट केला तर काही ठिकाणी त्याकडे वेगळ्या नजरेने बघतात, त्यामुळे आधी त्याबद्दलचा नियम वाचा आणि मग सोडा. आणखी एक ताई, फंक्शन्स हे कॅल्क्युलसच्या आधी किंवा निदान सोबत व्हायला लागतं, टाइमटेबल लावताना ते बघा.

पावसाळी_ढग
सगळ्यांचे आभार. ते ८९.७ आणि ९२.७ तिला दाखवलं तर पाच मिनिटं शीटकडे बघत बसली, मग म्हणाली की केमिस्ट्री राहू दे पण पहिल्या सेमिस्टरला टाक, म्हणजे नकोसं प्रकरण आधी उरकेल. इंजिनिअरिंग खरंच हवंय का असं विचारलं तर खांदे उडवले. एआयएफचं मी अजून काढलेलंच नाही, तेवढं शुक्रवारनंतर.