मदत हवी आहे: २००० सालच्या छापील अमेरिकन टपालावरून कंपनी कशी ओळखायची?

ऑनलाइन टपालाच्या (म्हणजे संगणकावरून टपालखर्च भरून तिकिटाऐवजी पाकिटावर छापायची सोय) इतिहासावर छोटा टिपण-संच करतोय. ही सोय देणारी स्टॅम्प्स डॉट कॉम ही कंपनी १९९६ ला 'स्टॅम्पमास्टर' नावाने सुरू झाली. ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने तिला आणि ई-स्टॅम्प या दुसऱ्या कंपनीला एकदमच मान्यता दिली. ई-स्टॅम्पला संगणकाला जोडायचं छोटं यंत्र लागे, स्टॅम्प्स डॉट कॉमचं काम नुसत्या सॉफ्टवेअरवर (माझ्या मते तिथेच बाजी मारली). पुढे २०२१ मध्ये थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीने स्टॅम्प्स डॉट कॉम सुमारे ६६० कोटी डॉलरना घेतली, हे सगळं जुळलंय.

अडलंय ते एका पाकिटावर. मावसभावाने २००० मध्ये अमेरिकेतून पाठवलेलं, उजव्या कोपऱ्यात ठिपक्याठिपक्यांचा बारकोड, शेजारी तारीख आणि रक्कम. कंपनीचं नाव कुठेच नाही. भिंगाने पाहिलं, मोबाइलने स्कॅन केलं, निघाली ती नुसती अगम्य अक्षरं. भावाला आठवत नाही. पाकीट कापलेलं नाही, कापणारही नाही. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो देऊ शकतो.

बारकोडचा प्रकार किंवा त्याखालचा यंत्र क्रमांक पाहून ते या दोघींपैकी कुणाचं, हे ठरवता येतं का? येत असेल तर नेमकं काय पाहायचं?