रोजच्या टर्बो गाडीला फ्रंट माउंट इंटरकूलर: कोणता घ्यावा? सल्ला हवा

तिसरा_गिअर
नमस्कार मंडळी. गाडी २ लिटर टर्बो पेट्रोल, रोज चालवायची, शर्यतीची नाही. मूळ इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा रेडिएटरसारखा भाग) पुढच्या चाकाच्या कमानीत कोंबलेला, आकाराने जेमतेम दोन जाड वह्यांएवढा. रीमॅप करून (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, ०.७ बारवरून १ बारवर नेलाय. सकाळच्या गारव्यात गाडी उडते. भर दुपारी मात्र दोनदा दाबून पळवली की तिसऱ्या वेळी तिच्यात जीवच उरत नाही.

फ्रंट माउंट, म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसणारा इंटरकूलर, घालायचं जवळजवळ ठरलंय. बंपरमागे ७६ मिमी जाडीचा कोअर (इंटरकूलरचा हवा थंड करणारा मुख्य भाग) कसाबसा बसेल, पण त्यासाठी आतली लोखंडी बीम थोडी कापावी लागेल. पाइप ६३ मिमी घ्यावेत की ७६? कोअर जड बार-अँड-प्लेट बांधणीचा बरा की हलक्या ट्यूब-अँड-फिन? लॅग (पाय दाबल्यावर बूस्ट यायला लागणारा वेळ) किती वाढेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उंटावरचा_मेकॅनिक
बसेल तेवढा मोठा घ्या, पाइप ७६. एकदाच खर्च करायचा तर हात आखडता कशाला?

तेलकट_हात
थांबा थांबा. आधी रीडिंग घ्या, मग पान्हा उचला. तिसऱ्या वेळी जीव जाणं हे गरम हवेचं लक्षण असू शकतं, तसंच थकलेल्या इंधन पंपाचं किंवा पाइप गळतीचंही असू शकतं. स्कॅनर लावून इनटेक हवेचं तापमान आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दोन्ही नोंदवा, तिन्ही वेळांचं.

एक मेख आहे. तापमानाचा सेन्सर कुठे बसलाय ते आधी शोधा. बऱ्याच गाड्यांत तो एअर फिल्टरजवळच्या, आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरमध्येच असतो. तिथलं रीडिंग टर्बोच्या आधीचं, म्हणजे ते बघून इंटरकूलरबद्दल काहीही कळत नाही. थ्रॉटलजवळचं, म्हणजे हवा इंजिनात शिरतानाचं, रीडिंग हवं.

शांत_पिस्टन
वाचतोय. माझ्याही डोक्यात हेच घोळतंय.

तिसरा_गिअर
सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवरच निघाला, नशीब. बाहेर ३२ अंश. पहिल्यांदा दाबली तेव्हा ४८, दुसऱ्यांदा ६०, तिसऱ्यांदा ७१ अंश. टायमिंग तिसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा ४ अंश मागे. इंधनाचा दाब शेवटपर्यंत स्थिर होता.

तेलकट_हात
मग दोषी सापडला. हवा १ बारने दाबली की ती तापतेच. ३२ अंशाची हवा, टर्बोचा कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तर टर्बोमधून ती साधारण १२५ अंशांच्या वर बाहेर पडते. तुमचा इंटरकूलर तिला ७१ वर आणतोय, म्हणजे जेवढी उतरवता आली असती त्याच्या ६० टक्क्यांहून कमी. बरं, पहिल्या वेळी ४८ दिसलं ते त्याच्या धातूने उष्णता पोटात घेतली म्हणून. पोट भरलं की तो नुसता पाइप. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, नॉकच्या (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांच्या) भीतीने टायमिंग मागे घेतो आणि तुम्हाला वाटतं गाडी रुसली.

आता कोअर. ७६ मिमी जाडीचा मोह सोडा. बाहेरची हवा पुढून आत शिरते, मागच्या पंखांपर्यंत पोचेतो आधीच तापलेली असते. त्यामुळे जाडी वाढवून मिळतं थोडं आणि मागच्या एसी कंडेन्सर-रेडिएटरची हवा अडते जास्त. त्याऐवजी पुढचा चेहरा मोठा करा: रुंदी, उंची. ५०-५५ मिमी जाडी तुम्हाला पुरे.

दुसरं, दाबाची घट. कोअरमधून जाताना दाब पडतो. तो भरून काढायला टर्बोला जास्त राबावं लागतं, म्हणजे हवा आणखी तापते. विकत घेताना सगळे आकार विचारतात, ही घट कुणी विचारत नाही. तुमच्या बूस्टला १ ते १.५ पीएसआयच्या (दाबाचं दुसरं एकक) आत असेल तर ठीक.

पाइप ६३ चे. ७६ तुमच्या इंजिनाला सैल अंगरखा. लॅगची धास्ती मात्र नको. ३००० आरपीएमला २ लिटरचं इंजिन सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा ओढतं. सहा लिटर जागा वाढली तर भरायला सेकंदाचा दहावा हिस्सा. पायाला जाणवेल न जाणवेल.

आणि बीम कापू नका. तो पत्रा शोभेसाठी नाही, धडकेचा मार तोच खातो. एअरबॅगचे पुढचे सेन्सरही बरेचदा आसपासच असतात. बीमखाली मावेल असा कोअर शोधा.

शांत_पिस्टन
बाकी सहमत, पण बार-अँड-प्लेटचं काय? माझ्या मते रोजच्या गाडीला ट्यूब-अँड-फिन. वजनाला हलका, त्यातून रेडिएटरला हवा जास्त जाते, आणि तापला तरी पटकन निवतो.

तेलकट_हात
इथे मी थोडा वेगळा. बार-अँड-प्लेट जड असतो म्हणूनच दोन-तीन दाबण्यांची उष्णता पचवतो, आणि रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल असतो तरी किती सेकंद? शिवाय खडे लागून चटकन चेपत नाही. पण सिग्नलला पाच मिनिटं उभं राहून तो शिजला की निवायला वेळ घेतो, हेही खरं. गर्दीतच जन्म जात असेल तर शांतरावांचं ऐका.

उंटावरचा_मेकॅनिक
बरं बाबांनो, माघार. खरं सांगायचं तर माझ्या गाडीत ९० मिमीचा आहे आणि उन्हाळ्यात एसी लावून रांगेत उभं राहिलं की पाण्याचा काटा वर सरकतो. हे आधी सांगायला हवं होतं. 😅

माझ्याकडून एक कामाची गोष्ट घ्या. नवा कोअर डब्यातून काढून थेट लावू नका. माझ्या कोअरमधून वेल्डिंगचे बारीक कण निघाले, हातावर आपटल्यावर. ते पुढे थ्रॉटलमधून सिलिंडरमध्येच जाणार होते. सॉल्व्हंटने दोन-तीनदा खळखळून धुवा, पूर्ण वाळवा.

तेलकट_हात
+१. किटसोबत हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आला असेल तर तो लावायच्या आधी मास एअरफ्लो सेन्सर टर्बोच्या आधी नाही ना, ते बघा. तसा असेल तर मोजलेली हवा बाहेर फेकली जाते, ईसीयू मात्र तिच्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो. गिअर बदलताना काळा धूर, कधी इंजिन बंद. जुना, हवा परत आत वळवणारा व्हॉल्व्हच ठेवा. (फुस्स आवाज हवा असेल तर तो विषय वेगळा.)

तिसरा_गिअर
तीन आठवड्यांनी हजर. ५५ मिमीचा बार-अँड-प्लेट घेतला, बीमच्या खाली, बीमला हात न लावता. फक्त बंपरची आतली प्लॅस्टिकची जाळी कापली. पाइप ६३ चे.

पहिल्या दिवशी फजिती. बूस्ट ०.६ च्या वर जाईना, पुढून हिस्स आवाज. टर्बोच्या तोंडाला बूच लावून हवा भरायच्या कंप्रेसरने १५ पीएसआय भरले आणि साबणाचं पाणी मारलं. थ्रॉटलजवळच्या सिलिकॉन होजवर बुडबुडे! जुन्या पाइपातलं तेल त्याच्या तोंडाशी राहिलं होतं, होज घसरत होता. सगळी तोंडं अल्कोहोलने पुसली, साध्या जुबली क्लिपांच्या जागी जास्त घट्ट आवळणारे टी-बोल्ट क्लॅम्प लावले, गळती बंद.

पण तरी आकडे मनासारखे नव्हते. तिसऱ्या वेळी ५८. मग बंपर पुन्हा उतरवून पाहिलं तर कोअर आणि जाळी यांच्यामध्ये चार बोटं फट. हवा कोअरमधून कशाला जाईल, बाजूने निसटत होती. पातळ पत्रा आणि फोमची पट्टी लावून चारही बाजू बंद केल्या.

आजचे आकडे, पुन्हा ३२ अंशांत: ४३, ४६, ४९. तिसऱ्या वेळी टायमिंग फक्त १ अंश मागे. एसी लावून अर्धा तास गर्दीत, पाण्याचं तापमान ३ अंशांनी जास्त. पंखा थोडा लवकर सुरू होतो एवढंच.

तेलकट_हात
झकास. ७१ वरून ४९ म्हणजे त्याच दाबाला हवा सुमारे ७ टक्के घट्ट. फोमच्या पट्टीने ९ अंश उतरवले हे लोकांना सांगून पटत नाही.

आठवड्याभराने सगळे क्लॅम्प एकदा पुन्हा आवळा, सिलिकॉन बसतं. आणि तेल मूळ कुठून आलं ते शोधा. क्रॅंककेसच्या (इंजिनाच्या खालच्या भागाच्या) व्हेंटमधून असेल तर कॅच कॅन, म्हणजे ते तेल अडवणारा डबा, लावा, नाहीतर नवा कोअरही आतून तेलाने माखेल आणि थंड करायचं विसरेल.

तिसरा_गिअर
कॅच कॅन पुढच्या महिन्यात. सध्या वेगळाच पेच आहे: हॉर्न कोअरच्या जागेत होता, तो आता कुठे लावू? मागे रेडिएटरपाशी बांधलाय, तर आवाज शेळीसारखा येतोय.

शांत_पिस्टन
चाकाच्या कमानीत. जुना इंटरकूलर होता तिथली जागा आता रिकामीच आहे ना!