रिकोटाचा केक मधोमध बसतो, दोनदा झालं. कुठे चुकतंय?

कैरीपन्हं
नमस्कार मंडळी, जुन्या केकच्या धाग्यावर विचारणार होते पण तिथे एवढे प्रतिसाद झालेत की कुणाला दिसणारच नाही म्हणून वेगळा काढते. मुलगा दोन वर्षं इटलीत तोरिनोला शिकायला होता (ट्यूरिन म्हटलं की आता त्याला राग येतो), तिथे ज्या आजींच्या घरात खोली घेतली होती त्या दर रविवारी रिकोटा (तिकडचं पनीरसारखं मऊ, ताजं चीज) घालून एक साधा केक करायच्या. क्रीम नाही, आयसिंग नाही, वरून नुसती पिठीसाखर. इथे आल्यापासून मुलगा जेवणाबद्दल चकार शब्द काढत नाही पण त्या केकचं नाव महिन्यातून चारदा काढतो.

येताना त्यांच्याकडून कागदावर लिहून आणलंय. मी त्यावर फोन धरून भाषांतर केलं ते असं आलं: मैदा ३०० ग्रॅम, रिकोटा २५०, साखर १८०, अंडी ३, तेल अर्धा ग्लास, एका लिंबाची साल, चिमूटभर मीठ, यीस्ट एक पाकीट, १८० वर ४० मिनिटं. कृती म्हणजे दीड ओळ, सगळं कालवा आणि भट्टीत घाला.

पहिल्यांदा रिकोटा मिळाला नाही म्हणून पनीर किसून घातलं आणि इन्स्टंट यीस्टची एक पुडी. जे बाहेर आलं त्याला केक म्हणणं धाडसाचं होतं, वीट होती, वास पावाचा आणि पनीरचे दाणे जसेच्या तसे. ह्यांनी विचारलं खोबरं घातलंयस का.

दुसऱ्यांदा रीतसर रिकोटाचा डबा आणला (किंमत विचारू नका). यीस्टचं काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं म्हणून बेकिंग पावडर घेतली, पण एक पाकीट म्हणजे किती ते कळेना, मग पाच चमचे घातले आणि भीती नको म्हणून वर अर्धा चमचा सोडा. वीस मिनिटांत असा फुगला की मी दार उघडून फोटो काढला. आणि मग डोळ्यांदेखत मधोमध खड्डा. कापल्यावर खाली बोटभर ओला गिच्च थर.

पुढच्या रविवारी त्याचा वाढदिवस आहे. तिसरा डबा आणायच्या आधी कुणी सांगेल का काय चुकतंय?

नळस्टॉप
ताई, चक्का आणा, साखर घाला, श्रीखंड करा. फुगतही नाही, बसतही नाही.

बेर्गामोची_बाकरवडी
नळस्टॉप तुम्ही गप्प बसा :)

कैरीपन्हं, मी अकरा वर्षं इटलीत बेर्गामोजवळ राहते आणि तुमचं वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं कारण पहिल्या वर्षी मी अगदी हेच केलं होतं. त्या कागदावर 'लिएवितो' लिहिलं असणार. इटालियनमध्ये लिएवितो म्हणजे पीठ फुगवणारं काहीही. पावाचं यीस्ट ते 'लिएवितो दि बिर्रा' आणि केकचं ते 'लिएवितो पेर दोल्ची', म्हणजे आपली बेकिंग पावडरच, बहुतेकदा व्हॅनिलाचा वास लावलेली. आजीबाई पुढचं कशाला लिहितील, केक म्हटल्यावर कुठलं ते त्यांच्या दृष्टीने उघडच आहे ना, जसं आपण फोडणी करा एवढंच लिहितो आणि मोहरी-हिंग-हळद गृहीत धरतो.

आणि पाकीट म्हणजे १६ ग्रॅम. ती पुडी अर्धा किलो मैद्याला असते, पाकिटावरच लिहिलेलं असतं, पण इथे सगळ्या बायका २५० ग्रॅम मैद्यालासुद्धा अख्खी पुडी रिकामी करतात. तुमच्या ३०० ला १० ग्रॅम भरपूर झाली, म्हणजे लहान अडीच चमचे सपाट. तुम्ही पाच अधिक सोडा! तो फुगला नाही, तो उडाला. आतला भाग शिजून धरायच्या आधीच हवा भरली, ती टिकली नाही, बसला. त्यात दार उघडलंत.

अर्धा ग्लास तेल कशाने मोजलंत? इथला ग्लास म्हणजे साधारण २०० मिली, त्यामुळे १०० मिली. आपला स्टीलचा पेला घेतला असेल तर तेही जास्त झालं.

आता रिकोटाबद्दल, खरं कारण ते आहे. ओला थर म्हणतेस ना (अगंतुगं करतेय, चालेल ना?) ते पाणी आहे. इथे रिकोटा भोकंभोकं असलेल्या छोट्या टोपलीत मिळतो, टोपली डब्यात बसवलेली असते आणि खाली पाणी साठत राहतं. केकला घ्यायचा तर आदल्या रात्री चाळणीत काढून खाली वाडगा ठेवून फ्रीजमध्ये टाकायचा. सकाळी वाडग्यात किती पाणी असतं बघ, कधी तीन-चार चमचे तर कधी अर्धी वाटी. २५० ग्रॅमचं वजन निथळल्यानंतर करायचं, आधी नाही. मग तो पुरणासारखा चाळणीतून घासून काढायचा, साखर घालायची आणि अर्धा तास ठेवून द्यायचा. हे अर्धा तासाचं मला शेजारणीने शिकवलं, साखर विरघळते आणि रिकोटा एकदम रेशमी होतो. मग अंडी एकेक करून, तेल, साल, शेवटी मैदा बेकिंग पावडरसकट चाळून. मैदा घातल्यावर जास्त फेटू नको.

आणि अपेक्षा जरा खाली आण. हा स्पंज केक नाही. थोडा बुटका, दमट, जड असाच असतो, कॉफीत बुडवून सकाळी नाश्त्याला खातात. करायचा शनिवारी आणि खायचा रविवारी, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

जायफळ
बाकरवडीने मुद्द्याचं सांगितलंच आहे, मी ठाण्यात घरून केकच्या ऑर्डरी घेते त्यामुळे ओटीजीपुरतं (घरच्या छोट्या विजेच्या भट्टीपुरतं) बोलते. आपल्या छोट्या ओटीजीत १८० लावलं तरी वरचा रॉड जवळ असल्याने वरून लवकर रंग येतो आणि मध्य कच्चा राहतो. १७० ला लावा, दोन्ही रॉड, पंखा बंद, जाळी मधल्या खाचेत, आणि दहा मिनिटं आधी तापवून घ्या. ३०० ग्रॅम मैद्याला ९ इंची गोल टिन हवा, ७ इंचीत ओतलंत तर मध्य शिजायला तास लागेल. पहिली ३५ मिनिटं दाराला हात लावायचा नाही, फोटो काचेतून. मग मधोमध सुरी घालून बघा, ओलं पीठ चिकटून आलं तर आणखी दहा मिनिटं, वरून जास्त लाल व्हायला लागला तर फॉइल टाका. झाल्यावर लगेच बाहेर ओढू नका, ओटीजी बंद करून दार किलकिलं ठेवून दहा मिनिटं आत राहू द्या.

तिसरा डबा आणू नका. घरी होतो. गाईचं फुल फॅट दूध दीड लिटर, चिमूट मीठ, मंद आचेवर ठेवायचं, कडेने बारीक बुडबुडे आणि वाफ आली की (थर्मामीटर असेल तर ८५) गॅस बंद, तीन मोठे चमचे लिंबाचा रस फिरवायचा, एकदाच हलवायचं आणि मग पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पनीरला आपण खळखळ उकळी आणतो, सतत ढवळतो, वर वजन ठेवतो, म्हणून ते घट्ट आणि रबरी होतं. इथे वजन नाही, पिळणं नाही, मलमलच्या कापडात नुसतं निथळू द्यायचं. साधारण तीनशे ग्रॅम निघतो, दुधावर आहे. मिक्सरमधून एकदा फिरवला तर दाणा राहत नाही.

चतुर्थीवाली
अंड्याशिवाय होईल का? दही घालून?

जायफळ
होतो. तीन अंड्यांऐवजी पाऊण वाटी घट्ट दही आणि दोन-तीन चमचे दूध घालून मी दोनदा केलाय. खाल्ला जातो, उरत नाही. पण अंड्याचा बांधीवपणा येत नाही, काप पाडताना मोडतो, म्हणून लोफच्या भांड्यात करा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा.

गूळपोळी
एक शंका. पनीर केल्यावर जे पाणी उरतं ते परत उकळून रिकोटा काढता येईल का? रिकोटा म्हणे पाण्यापासूनच करतात. मी काल तासभर उकळत बसले, तळाला चमचाभर काहीतरी आलं, गॅस मात्र गेला.

बेर्गामोची_बाकरवडी
छान प्रश्न आहे गं आणि उत्तर नाही असं आहे. रिकोत्ता (इकडे दोन 'त' दणकून म्हणतात) म्हणजे शब्दशः परत शिजवलेलं. चीज करताना दूध कोमट असतं आणि त्याला रेनेट (दूध साकळवणारं एन्झाइम) लावतात, त्याने केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं आणि त्याचं चीज. पण दुधात दुसरी प्रथिनं असतात ती कोमट तापमानाला ढिम्म हलत नाहीत, पाण्याबरोबर निघून जातात. मग ते पाणी ८०-९० डिग्रीला नेलं की ती साकळून वर तरंगतात, तो रिकोटा. आपण पनीर करताना दूध आधीच उकळतो, तेव्हाच ती प्रथिनं केसीनला चिकटतात आणि पनीरबरोबर बाहेर येतात. पाण्यात उरतच नाही काही. तुझं पनीर भरलं म्हणून पाणी रिकामं, असा हिशोब. ते पाणी कणकेत घाल, पोळ्या मऊ होतात.

त्यामुळे जायफळची जी कृती आहे तो खरं तर मऊ पनीरच आहे, पण केकमध्ये कुणाला ओळखू येणार नाही, मलासुद्धा नाही.

बाय द वे, इथे पो नदीच्या खोऱ्यात गाईंच्या गोठ्यांवर पंजाबी लोक खूप आहेत. मी पहिल्यांदा एका डेअरीत ताजा रिकोटा घ्यायला गेले तर काउंटरमागच्या सरदारजींनी हिंदीत विचारलं, बेटा पनीर चाहिए क्या. अजून गरम होता, तिथेच उभं राहून साखर घालून खाल्ला. मला तर तो थेट खरवसाच्या वळणाचा लागला, वेलची तेवढी नव्हती.

सोलकढी
खरवस म्हणालात म्हणून राहवत नाही. मी मडगावचा, क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, बरीच वर्षं काढली, नेपल्सला बोट लागायची. तिथे फेब्रुवारीत कार्निव्हलला मिल्याच्चो म्हणून एक प्रकार करतात, रिकोटाच, पण मैद्याच्या जागी रवा! पहिल्यांदा खाल्ला तेव्हा म्हटलं अरे हा तर शिरा आहे, कुणीतरी भट्टीत ठेवून विसरलाय. दूध-पाण्यात लिंबाची साल आणि लोणी घालून रवा शिजवतात, गार करतात, मग त्यात रिकोटा, साखर, चार अंडी फेटून आणि संत्र्याचा वास, तासभर भट्टीत. बेकिंग पावडरच नाही त्यामुळे बसण्याचा प्रश्न नाही, तो बसलेलाच असतो. नाव मिल्यो म्हणजे बाजरीसारखं जे बारीक धान्य असतं त्यावरून आलंय, पूर्वी त्याचाच करायचे. आमच्या गोव्याची बाथ आणि हा सख्खे चुलतभाऊ वाटतात, फक्त तिथे नारळ नाही बिचाऱ्यांकडे.

ईस्टरला तिथे पास्तिएरा असते, तीही रिकोटाची, त्यात शिजवलेले गहू घालतात. आणि सिसिलीत मेंढीच्या दुधाचा रिकोटा, त्याची कसाता. आपण आइस्क्रीमवाल्याकडे कसाटा म्हणून रंगीत काप खातो तो नव्हे, हा स्पंज, गोड रिकोटा आणि वर हिरवं मार्झिपान (बदाम-साखरेचा गोळा लाटून), इतका गोड की दात शिवशिवतात. कैरीपन्हं ताई, पहिल्यांदाच कसाताच्या वाटेला जाऊ नका. आजींचा तोच करा.

गूळपोळी
गहू घातलेला केक?? म्हणजे खिचडा.

बेर्गामोची_बाकरवडी
सोलकढी, १००% खरं. कैरीपन्हं, एक राहिलं. लिंबू. इथली लिंबं मोठी, सालीला जाड आणि तेलकट, एका लिंबाच्या सालीने घरभर वास. आपल्या कागदी लिंबाची साल पातळ, जरा जास्त किसली की पांढरा भाग येतो आणि केक कडू. दोन लिंबं घे आणि हलक्या हाताने फक्त हिरवं-पिवळं किस, किंवा सरळ नागपुरी संत्र्याची साल घाल, आजी रागावणार नाहीत. कागदावर कुठे 'कू. बी.' असं लिहिलंय का बघ. क्वांतो बास्ता, म्हणजे लागेल तेवढं. इथल्या आज्यांचं माप पण आपल्यासारखंच, अंदाजपंचे.

कैरीपन्हं
बाई गं! लिहिलंय, दुधाच्या पुढे! भाषांतरात ती ओळच आली नव्हती, मला वाटलं कुणाची आद्याक्षरं आहेत. म्हणजे पीठ घट्ट वाटलं तर दूध, असंच ना? आणि हो, स्टीलचा पेलाच होता.

सगळ्यांचे आभार, शनिवारी करते आणि सांगते.

कैरीपन्हं
आले सांगायला. शुक्रवारी रात्री जायफळच्या पद्धतीने रिकोटा केला, ३१० ग्रॅम निघाला, चाळणीत फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी खाली चार चमचे पाणी होतं आणि वजन २७० झालेलं. वीस ग्रॅम मी साखर घालून खाल्ला, बाकरवडी, तू म्हणालीस ते पटलं. बेकिंग पावडर अडीच चमचे, सोडा नाही, हात शिवशिवत होता पण नाही घातला. दूध तीन चमचे लागलं. १७० वर ५० मिनिटं लागली. मधे थोडीशी भेग पडली, खड्डा नाही! खाली ओला थर नाही. उंची फार नाही पण तू सांगितलं होतंस म्हणून घाबरले नाही.

आज सकाळी मुलाने पहिला घास खाल्ला आणि काहीच बोलला नाही, नुसता दुसरा काप घेतला. मग आजींना व्हिडिओ कॉल लावला, त्यांच्याकडे पहाट असेल हे कुणाच्याच लक्षात नाही, पण त्या उठल्याच होत्या. केक कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी नीट बघितलं, चष्मा लावून परत बघितलं आणि भराभर काहीतरी म्हणाल्या. मुलगा हसायला लागला. म्हणाला, विचारतायत वरची पिठीसाखर कुठेय.

विसरलेच होते! फोन सुरू ठेवूनच गाळणीतून भुरभुरवली, तेव्हा कुठे त्या मान डोलावून 'एक्को' (हं, आता झालं) म्हणाल्या.

आता एकच प्रश्न, यीस्टच्या नऊ पुड्या उरल्यात, त्यांचं काय करू?

नळस्टॉप
लादीपाव करा, मिसळीला आम्ही येतो.