पुढे एम.एस्सी. करायची असेल तर नर्सिंग कॉलेज आत्ताच तसं बघावं का?

सत्तरीकर: धाकट्या बहिणीची बारावी झाली. बी.एस्सी. नर्सिंग करून पुढे एम.एस्सी. आणि मग शिकवायचं, हे तिचं पक्कं आहे. घरात मात्र वाद चाललाय. माझं म्हणणं, जिथे एम.एस्सी. चालते तेच कॉलेज घ्यावं. प्रबंध लिहिणाऱ्या सीनियर रोज समोर दिसतात, शिकवायला त्या-त्या विषयात एम.एस्सी. झालेल्या मॅडम असतात. आमच्या गोव्यात बांबोळीच्या सरकारी कॉलेजात दोन्ही आहे. तिथे नंबर लागला नाही तर बेळगाव-कोल्हापूरकडे पाठवू, पण एम.एस्सी. असलेल्याच कॉलेजात.

वॉर्ड सिस्टर: मला हे अजिबात पटत नाही. बी.एस्सी.च्या मुलीला प्रबंधाआधी पेशंट हवा. बांबोळीचं मोल असेल तर ते शेजारच्या गोमेकॉमुळे, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमुळे. सगळ्या गोव्यातले अवघड पेशंट तिथेच येतात. एका बाहेरच्या कॉलेजातून शिकून आलेली मुलगी आमच्या लेबर रूममध्ये रुजू झाली. केसबुकात प्रसूती भरलेल्या, खाली सह्या. पण गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ती फुली पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते ते नोंदवायच्या तक्त्यावर, कुठे मारायची, हे तिला ठाऊक नव्हतं. एका टेबलाभोवती घोळका उभा राहिला की मागची मुलगी काय शिकणार? त्या कॉलेजात एम.एस्सी. होती बरं का.

सत्तरीकर: ताई, तुमचा मुद्दा मान्य. पण चांगलं हॉस्पिटल असून शिकवणाऱ्या मॅडमच दरवर्षी बदलत असतील तर? मुलीला पुढची वाट कोण दाखवणार?

पेडण्याचा बाबा: पैशांचं कोणी बोलतच नाही. बाहेरच्या खाजगी कॉलेजात चार वर्षांची फी, होस्टेल, वर कर्ज. पोर आधी नोकरी करील की एम.एस्सी.? त्यापेक्षा जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करावा, पायावर उभं राहावं, मग बघू.

वॉर्ड सिस्टर: दादा, नोकरीच हवी असेल तर जी.एन.एम. चांगलंच आहे. पण एम.एस्सी. ठरलेलीच असेल तर हिशेब करा. जी.एन.एम. तीन वर्षं, त्यावरची पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन, एक वर्ष अनुभव, एम.एस्सी. दोन : झाली आठ. बी.एस्सी.वरून चार, एक, दोन, म्हणजे सात. आणि एम.एस्सी.ला बसायचं तर नर्सिंग काउन्सिलची नोंदणी, बी.एस्सी.नंतर वर्षभराचा अनुभव आणि किमान 55 टक्के लागतात. म्हणजे मधलं एक वर्ष ती कमावणारच आहे. कर्जाची भीती रास्त आहे, म्हणून तर मी सरकारीच म्हणते.

एम.एस्सी. दुसरं वर्ष: मी सत्तरीकरांच्या बाजूने, पण कारण वेगळं. एम.एस्सी.त विषय निवडावा लागतो : मेडिकल-सर्जिकल, बालरुग्ण, स्त्रीरोग-प्रसूती, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य. सगळीकडे सगळे विषय नसतात. मला बारावीनंतर बालरुग्णच करायचं होतं. मानसोपचाराच्या पोस्टिंगला एक आजी आठवडाभर कोणाशी बोलल्या नव्हत्या. त्यांच्याजवळ रोज नुसतं बसायला मॅडमनी मला सांगितलं, आणि मॅडम स्वतः काय बघत होत्या, काय टिपत होत्या ते नंतर समजावलं. तिथेच माझा विषय ठरला. त्या मॅडम मानसिक आरोग्यात एम.एस्सी. होत्या. तशा शिक्षिका एम.एस्सी. चालणाऱ्या कॉलेजात सापडण्याची शक्यता जास्त.

वॉर्ड सिस्टर: त्या आजी होत्या म्हणून ते शिकलीस ना गो? बांबोळीला मनोरुग्णालय जवळ आहे. जिथे मानसोपचाराची पोस्टिंग म्हणजे बसने एक चक्कर आणि फाइल भरणं, तिथे मॅडम कितीही शिकलेल्या असू देत.

सत्तरीकर: मग बाहेरच्या कॉलेजला फोन करून दोनच गोष्टी विचारते : स्वतःचं हॉस्पिटल किती खाटांचं आणि मानसोपचाराला मुलींना कुठे, किती दिवस पाठवता. एम.एस्सी.ची अट मात्र मी सोडणार नाही.

वॉर्ड सिस्टर: तिसरंही विचार : लेबर रूममध्ये एका वेळी किती मुली उभ्या असतात. आणि हे ऑफिसात विचारू नको, तिसऱ्या वर्षाच्या मुलीला गाठून विचार.