सल्ला हवा: मुंबईच्या दमट हवेत सूट तयार घ्यावा की शिवून?

प्रश्नकर्ती : जुलैमध्ये माझ्या धाकट्या भावाच्या आणि माझ्या नोकरीच्या मुलाखती आहेत, त्याची फोर्टमध्ये व माझी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात). डोंबिवलीहून लोकलने जायचे असल्यामुळे घाम आणि गर्दी यांत टिकेल असे कापड कोणते घ्यावे, आणि दोघांचे सूट एकाच शिंप्याकडे टाकावेत का, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : निव्वळ पॉलिएस्टर दुकानात कितीही झळकले तरी अंगावर कोंदटते. मीटरमागे २३० ते २६० ग्रॅम वजनाचे हलके लोकरी कापड घ्यावे. तेवढा खर्च झेपत नसल्यास टेरीवूल (लोकर व पॉलिएस्टर यांचे मिश्र कापड) चालेल. सुपर १५० सारख्या आकड्यांना भुलू नये, कारण आकडा वाढतो तसा धागा बारीक होत जातो आणि आपल्या गर्दीत ते कापड लवकर विरते. मंगलदास मार्केटमध्ये दुहेरी पन्ह्याचे सव्वातीन मीटर कापड घेतले की भावाच्या कोट-पँटला पुरेल. तयार कोट घेणार असाल, तर पुढच्या भागाचे कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलके ओढून पाहावे. आत तिसरा थर सुटा सरकला तर कॅनव्हास (कोटाला आकार देणारा, शिवून बसवलेला थर) आहे. न सरकल्यास फ्युजिंग, म्हणजे कापडालाच आतून चिकटवलेला थर, आहे असे समजावे. माझ्या पहिल्या, फ्युजिंगच्या कोटाला तिसऱ्या ड्रायक्लीनिंगनंतर छातीवर पापडासारखे फोड आले होते, ते इस्त्रीनेही बसले नाहीत.

प्रतिसाद २ : भावाचा शिंपी तुमचा कोट शिवेलच असे नाही. पुरुषी बेतावर केवळ कंबर आत घेतली, तर बटण लावताच छातीवर आडव्या सुरकुत्या पडतात. म्हणून प्रिन्सेस कट (छातीवरून कंबरेकडे उतरणाऱ्या उभ्या शिवणींचा बेत) नीट बसवणाराच गाठावा आणि खिसे खरे, वापरता येण्याजोगे मागावेत (दिखाऊ पट्ट्या शिवून देण्याची खोड फार जणांना आहे). कच्च्या ट्रायलला लोकलची कडी धरल्यासारखा हात वर करून पाहावा, मग खुर्चीत बसून पाहावे. कंबर आणि बाह्या पुढे दुरुस्त होतात, खांदा मात्र सहसा होत नाही, त्यामुळे तो तिथेच तपासावा आणि शिवणीत माया (जादा कापड) ठेवायला सांगावे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. कापड या शनिवारीच घेते. पावसात कोट प्रवासात कसा न्यावा?

प्रतिसाद १ : उलटा घडी करून पिशवीत न्यावा व पोहोचल्यावर घालावा. घरी आल्यावर मात्र प्लास्टिकच्या आवरणात ठेवू नये, बुरशी धरते. सुती खोळ पुरते.