ओढ्यातले मासे उन्हाळ्यात टाकीत कसे सांभाळायचे?

टिळकवाडीकर:
खानापूरकडं मामाच्या शेताला लागून ओढा आहे, तिथले पट्ट्याचे डॅनिओ आणि दोन मळ्या मासे (दगडाला चिकटतात ते) आणलेत, टाकी दोन फुटी, सोबत दुकानातले गप्पी आहेत. थंडीत मस्त फिरत होते पण एप्रिल लागल्यापासून दुपारी सगळे वर येऊन तोंड उघडझाप करालेत. दुकानवाला म्हणतो बर्फ टाका, घरचे म्हणालेत ओढ्यात परत सोड. काय करू सांगा की.

शहापूर_अ‍ॅक्वा:
बर्फ नको बाबा, एकदम गार मग परत गरम, त्या झटक्यानंच मासा जातो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि हे मासे खळाळत्या पाण्यातले, त्यांना तो जास्त लागतो, म्हणून वर येतात. फिल्टरचं पाणी वरून पडू दे, पृष्ठभाग सतत हलला पाहिजे, जोडीला एअर पंप, तो रात्रीपण चालू. काचेचं झाकण काढून जाळी लाव, उघडं ठेवू नको, डॅनिओ उडी मारतो, आणि छोटा फॅन पाण्यावर वारा लागेल असा ठेव, दोन-तीन डिग्री उतरतं. पाणी उडतं तेवढं रोज भरायचं. खाणं निम्मं कर, उरलेलं कुजताना ऑक्सिजनच खातं.

मलप्रभाकाठ:
दादा, ओढ्यात अजिबात सोडू नका! गप्पीसोबत राहिलेत, दुकानातला रोग, परजीवी काय असेल ते सगळं ओढ्यात जाणार. कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेचं पाणी आहे हो ते, खाली किती गावं आणि किती मासे त्यावर आहेत. आणि भीमगड अभयारण्यातनं तर मासा काय, दगडपण आणायचा नाही.
मळ्याला उलटा बघा, तोंडामागं गोल चकती दिसेल, तिनं तो धारेत दगडाला धरून शेवाळ खरवडतो. नुसत्या गोळ्यांवर ठेवू नका. गच्चीवर बादलीत गुळगुळीत दगड उन्हात ठेवायचे, हिरवे झाले की टाकीत, खाऊन साफ झालेले परत बादलीत. आमच्याकडं तर नवा दगड गेला की दोघं त्यावरच असतात दिवसभर.
मोठी टाकी घ्या पण लांब घ्या, उंच नको. डॅनिओ बोटाएवढा होतो आणि सारखा पळतो.

टिळकवाडीकर:
फॅन लावलाय, तीन फुटी टाकी बघालोय. विहिरीचं पाणी चालेल का?

शहापूर_अ‍ॅक्वा:
चालतंय की. फक्त रात्रभर बादलीत एअर पंप लावून ठेव, विहिरीच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. आणि एका वेळी पाव टाकीच बदल.