सणासुदीचे खासगी बसभाडे : मर्यादा आहे का?

प्रश्न : दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून नागपूरला जायचे म्हटले की रेल्वेचे आरक्षण आधीच संपलेले असते आणि खासगी शयनयान बसचे भाडे एरवीच्या दुपटीच्या पुढे जाते. यावर सरकारचे काही बंधन आहे का?

प्रतिसाद १ : आहे. २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसचे भाडे एसटीच्या त्याच स्वरूपाच्या बसच्या प्रति किलोमीटर भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही. मात्र २५ जानेवारी २०२५ पासून एसटीने भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढवले, त्यामुळे ही मर्यादाही तितकीच वर सरकली, हे हिशेब करताना विसरू नये.

प्रतिसाद २ : मालकांची बाजूही ऐकावी. गणपतीत मुंबईहून कोकणात भरून गेलेली गाडी परतताना बरीचशी रिकामी येते, आणि डिझेल व टोल मात्र दोन्ही वेळेस भरावाच लागतो.

प्रतिसाद ३ : दीडपटीची सवलत नेमकी अशाच खर्चासाठी पुरेशी धरायला हवी, अडलेल्या प्रवाशाकडून त्याहून जास्त उकळणे मला तरी मुळीच मान्य नाही. तिकिटावर पूर्ण रक्कम, गाडीचा क्रमांक आणि आसनाचा प्रकार लिहून घ्यावा, त्याच मार्गावरील एसटीचे भाडे सोबत जोडावे आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. ‘वरचे पैसे रोख द्या’ असे कोणी म्हणाले, तर पावतीशिवाय देऊ नयेत, कारण पुढे पुरावाच उरत नाही.